औंदा पऱ्हाटीला विष नाही

५ जून

भोकरहून सकाळची गाडी, नांदेडला बदलून लातूर. मांडीवर मातीच्या दोन पिशव्या. कंडक्टर म्हणाला, "ताई, एवढं जपून काय नेऊन राहिल्या?" म्हटलं, "माती. आमच्या रानातली." त्याला वाटलं मी मस्करी करतेय.

एक पिशवी वरच्या बरड तुकड्याची, दुसरी खालच्या पट्टीची. विजूनं फोनवर सांगितलं तशीच काढली. पाच-सहा ठिकाणी वीतभर खड्डा, सगळी माती एकत्र, सावलीत वाळवून. विजू माझी धाकटी बहीण, पण लॅबमध्ये पांढरा कोट घालून समोर आली की मलाच तिला अहो म्हणावंसं वाटतं. पिशव्यांवर ह्यांचं नाव, गट नंबर लिहिला. निकाल पंधरा दिवसांनी.

घरी ह्यांना खरं सांगितलं नाही. बहिणीला भेटून येते, एवढंच.

६ जून, रेणापूर

विजूकडे मुक्काम. सकाळी दोघी अंबाडी निवडत बसलो. लॅबला जायच्या आधी तिनं विचारायचं ते विचारून घेतलं.

"मागच्या साली कापसाला युरिया किती टाकला, अक्का?"

"बबन भाऊजींनी त्यांच्या रानात टाकला तेवढाच आम्ही."

"अन् फवारण्या?"

सहा. सातव्या वेळी हे पडले.

विजूला सगळं माहीत आहे, तरी ती निवडायची थांबली. मी पण. धुऱ्यावर, दोन रानांमधल्या बांधावर, पाठीवर पंप तसाच, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. भोकरचा दवाखाना, तिथून नांदेड. नऊ दिवस. घरी आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाई, पुन्हा याच्या जवळपास गेले तर मला आणून दाखवू नका. म्हणजे काय ते मला समजलं.

विजूनं अंबाडीच्या दोन काड्या उचलल्या. "ही कोवळी बघ, नखानं तुटते. ही जून, बोट कापील. नुसता युरिया दिला की झाड या कोवळ्यासारखं होतं. दिसायला गर्द हिरवं, आत रस पातळ, त्यात कच्चं नत्र. तुडतुड्यानं सोंड टोचली की पोट भरलं. पोटॅश पुरेसं असलं तर झाड तेच नत्र पचवून अंगी लावतं, साल जाड होते. किडा येतो, पण त्याचं बस्तान बसत न्हाई."

"म्हणजे फवारायचंच नाही?"

"असं मी म्हटलं न्हाई. कमी येतील म्हटलं."

विजूचं हे मला आवडतं. जेवढं माहीत तेवढंच बोलते.

१० जून

ह्यांना सांगितलं. चहा घेता घेता. कपबशी खाली ठेवताना वाजली, पण ती हल्ली रोजच वाजते. हाताचा थरकाप पूर्ण गेलेला नाही.

संध्याकाळी आखाड्यावरून, रानातल्या गोठ्यावरून, आले तेव्हा म्हणाले, "तू शाळा शिकली म्हणून रानाला शाळा शिकवती का?"

म्हटलं, "तुम्ही पंप उचलणार नाही, मजूर लावून दुसऱ्याच्या लेकराला मी ते विष घ्यायला लावणार नाही. मग राहिलं काय ते तुम्ही सांगा."

आत्याबाई ओसरीवर निंबोळ्या वाळत घालत होत्या. माझ्या सासू. सहसा माझ्या बाजूनं बोलत नाहीत. आज म्हणाल्या, "दत्ता, ती बराबर बोलून राहिली."

सगळे त्या विषाला औषध म्हणतात. दुकानदार, भाऊजी, हे. मी या वहीत तो शब्द त्या अर्थानं लिहिणार नाही.

२० जून

विजूचा फोन. खालची पट्टी बरी. वरचा बरड तुकडा पोटॅशला फार कमी, जस्त कमी, मॅग्नेशियम काठावर. "काळ्या रानात पोटॅश असतंच म्हणून कोणी टाकत न्हाई. तुमचं काळं हाय कुठं, सगळा मुरूम. वर्षानुवर्षं नुसतं नेत आलात."

युरिया बंद नाही करायचा. नेहमीच्या अर्धा, तोही तीन वेळा वाटून. पोटॅश लावणीबरोबर अर्धं, पात्या, म्हणजे फुलकळ्या, लागताना अर्धं. मी सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरून घेतलं. पुन्हा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पास."

२७ जून

भोकरला खत आणायला. हे सोबत होते. दुकानदार ओळखीचा, ह्यांच्या तब्येतीचं विचारलं. मग म्हणाला, "पोटॅश? ऊसवाले नेतेत पोटॅश. पऱ्हाटीला युरिया न्या, आठ दिवसांत रान काळंभोर दिसतंय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता फिरणार. पण म्हणाले, "तिनं सांगितलंय ते दे."

येताना बैलगाडीत हे कासरा धरून पुढं. मला मात्र पोत्यांवर बसून गावापर्यंत गाणं म्हणावंसं वाटत होतं.

३ जुलै

कापसाची सरकी लावली, औंदाची पऱ्हाटी. चार एकर. सहा ओळींनंतर एक तुरीची ओळ. पाऊस बेताचा. कंबर मोडली, अजून काही लिहवत नाही.

२५ जुलै

उगवण चांगली. न उगवलेल्या जागी पुन्हा बी टोचून नांगे भरले. पण धुऱ्यापलीकडं बबन भाऊजींची पऱ्हाटी आमच्यापेक्षा बोटभर उंच आणि गर्द. त्यांनी दोन वेळा युरिया दिला. आमची फिकी दिसते. आजारी नाही, फिकी. भाऊजी ह्यांचे धाकटे भाऊ. धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "वैनी, पोराला दूध तोडल्यावानी दिसून राहिलं तुमचं रान."

हसून म्हणाले, वाईट मनात नाही. पण ह्यांना लागलं.

२ ऑगस्ट

आजपासून मोजणी. विजूनं पद्धत सांगितली. रानात आडवंतिडवं चालायचं, वीस झाडं, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान. पान मोडायचं नाही, हळूच उलटं करायचं. मागच्या बाजूला शिरेजवळ तुडतुडे बसतात, फिक्या हिरव्या रंगाची पिल्लं, खेकड्यासारखी तिरकी चालतात. पानाला सरासरी दोन-तीनच्या वर गेले की काळजी.

पहिल्या दिवशी मला नुसती पानं दिसली. चाळिशीचा चष्मा घरी. परत जाऊन आणला.

आज सरासरी: एकापेक्षा कमी. यापुढं तु. लिहीन, पूर्ण शब्दाला कंटाळा येतो.

९ ऑगस्ट

तु. एक. पाऊस नाही. उन्हं तापलीत.

भाऊजींची पहिली फवारणी. वारा आमच्याकडं. मी ह्यांना काहीतरी काम काढून भोकरला पाठवलं. कळलं असणार त्यांना. गेले निमूट.

१३ ऑगस्ट

तु. दीड. पाऊस नाहीच. अशी उघडीप पडली की हे वाढणारच, विजू म्हणते. पोटॅश असल्यामुळं झाडं उन्हातही मान टाकत नाहीत, हे मात्र मला दिसतंय. दुपारी भाऊजींची पानं लोंबतात, आमची उभी. त्यांना ते दिसलं का विचारलं नाही.

२० ऑगस्ट

खालच्या पट्टीला धुऱ्याकडच्या, रस्त्यालगतच्या सहा ओळी. तु. चार. एका पानावर नऊ. पानांच्या कडा मुरडलेल्या, पिवळ्या पडायला लागलेल्या. बाकी रानात दीड-दोन, आणि इथंच चार. असं कसं.

भाऊजींच्या रानातून उडून आले म्हणावं तर वरच्या तुकड्याचा धुरा पण त्यांनाच लागून आहे. तिथं काही नाही.

विजूला फोटो पाठवले. तिनं एकच विचारलं, "या ओळी बाकीच्यापेक्षा हिरव्या दिसतात का?"

जाऊन बघितलं. दिसतात. आधी लक्षातच आलं नव्हतं.

२१ ऑगस्ट

सकाळी ह्यांना विचारलं. सरळ. "त्या सहा ओळींना तुम्ही काय दिलं?"

बैलांना पाणी दाखवत होते. पाणी दाखवून झालं, दावं बांधलं, मग म्हणाले, "युरिया. भाऊच्या आखाड्यावरून आणला. पंधरा दिवस झाले, पावसाचा शितडा पडला त्या दिवशी."

मला राग आला नाही असं नाही. पण त्यांचा चेहरा बघून पुढचं काही बोलवेना. म्हणाले, "रस्त्याकडच्या ओळी हायेत त्या. येणारा जाणारा बघतो. लोक म्हणतेत, दत्ताची तब्येत गेली तसं रान बी गेलं. मला वाटलं तेवढ्या तरी हिरव्या दिसू द्या."

वर्षभरात पहिल्यांदा हे माझ्यापाशी असं काही बोलले. मी तिथंच दावणीवर बसले. थोड्या वेळानं ते पण बसले.

दुपारी चारला परत रानात गेले तर हे दिसेनात. मी भाऊजींच्या आखाड्याकडं गेले. हे तिथं उभे, भाऊजींच्या पंपावर हात ठेवून. भाऊजी समोर. भाऊजी म्हणत होते, "दादा, तू घरी जा. मी मारतो तुझ्या सहा ओळी. तू ह्याला हात लावू नको." आवाज रडका झाला होता. मागच्या वर्षी ह्यांना गाडीवर मधे धरून भोकरला नेणारे भाऊजीच. विसरलेले नाहीत, हे मला आज कळलं.

मी म्हटलं, "कोणीच मारायचं नाही. दोन दिवस द्या मला."

हे हात काढून माझ्यासोबत घरी आले. नुसतं चालत होते, पण मला किती हलकं वाटलं.

२२ ऑगस्ट

विजू: "निंबोळी हाय का घरात?"

आत्याबाईंच्या निंबोळ्या. जूनपासून कोठीत दोन डबे भरून ठेवलेल्या. कशाला ते त्यांनाही माहीत नसेल, दरसाल वेचतात म्हणून वेचल्या. मागितल्या तर म्हणाल्या, "ने की. कोणाच्या कामाला येतील ते बरंच हाय." पाट्यावर भरडून भिजत घातल्या. सगळं घर कडू वासाचं.

भाऊजींचा जुना पंप नको म्हटलं. तो कितीही धुतला तरी भरवसा नाही. शेजारच्या गावातून कोणी न वापरलेला पंप मागून आणला.

२३ ऑगस्ट

आज मी पंप पाठीवर घेतला. जन्मात पहिल्यांदा. बायका पाणी आणून देतात, पंप पुरुष उचलतात, असंच चालत आलंय. आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या.

निंबोळीचा अर्क दुहेरी फडक्यातून गाळला, थोडं साबणाचं पाणी. तरी नोजल दोनदा तुंबलं. हे धुऱ्यावर बसलेले. तिथून सांगत होते, "नोजल खाली धर, पानाच्या मागून वर मार. चालताना घाई करू नको. वाऱ्याकडं तोंड करू नको."

त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. ऐकून घेतलं सगळं. शेवटच्या ओळीला म्हणाले, "चांगलं मारती तू."

अर्धं अंग भिजलं. कडूनिंबाचंच पाणी, तरी घरी येऊन दोनदा अंघोळ केली. दुसऱ्यांदा अंघोळ करताना थोडं रडले. कशाला ते माहीत नाही.

२७ ऑगस्ट

सहा ओळी, तु. साडेतीन. बाकी रान दीड. फार फरक नाही. विजू म्हणते निंबोळी लगेच मारत नाही, खाणं तोडते, धीर धर. राहिलेलं पोटॅश त्या ओळींना आज टाकलं, विहिरीचं पाणी दिलं.

भाऊजींची तिसरी फवारणी झाली.

३ सप्टेंबर

रविवार. विजू आली. लातूरहून तीन गाड्या बदलून, पायात कापडी बूट. चहासुद्धा न घेता रानात. हे सोबत. मला वाटलं दोघांचं पटणार नाही. हे तिला "मॅडम" म्हणायला लागले, ती म्हणाली, "भावजी, मॅडम म्हटलं तर मी परत जाते."

एका पानावर तिनं लाल-काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा दाखवला. तिनं सांगितलं, हा मावा खातो. तुडतुडे पण खातो थोडे. तुम्ही फवारलं नाही म्हणून राहिलेत. ह्यांनी विचारलं, "भाऊच्या रानात दिसतील का?" हे धुरा ओलांडून गेले, दहा-बारा झाडं बघितली, परत आले. "एक बी न्हाई."

त्यानंतर दुपारभर हे विजूमागून हिंडत होते. पानं उलटत होते. जेवताना तिला म्हणाले, "म्हणजे त्या सहा ओळींत मीच त्यांना जेवायला बोलावलं."

विजू हसली नाही. "दिसायला हिरवं असलं की माणूस फसतंय, भावजी. लॅबमध्ये रोज येतेत असे लोक."

७ सप्टेंबर

काल-परवा चांगला पाऊस. झड.

१० सप्टेंबर

सहा ओळी, तु. एक. सगळं रान, अर्ध्याच्याही खाली.

पाऊस, निंबोळी, पोटॅश, ढालकिडे. कशानं ते मला सांगता येणार नाही. विजूला विचारलं, ती म्हणाली तिलाही नाही. "पावसानं धुऊन गेले असतील बरेचसे. पण मुळात फार नव्हते म्हणून धुऊन गेले." मी एवढंच लिहून ठेवते.

हे आज पहिल्यांदा मला म्हणाले, आकडा काय आला.

१४ सप्टेंबर

पोळा. बैल धुतले, शिंगं रंगवली. गेल्या वर्षी याच दिवसांत हे नांदेडच्या दवाखान्यात, बैल भाऊजींनी मिरवले होते. आज ह्यांनी दोघांची जोडी मारुतीपुढं नेली. हात थोडा कापत होता पण कासरा घट्ट. भाऊजी मागं हलगीवाल्यांत.

पुरणपोळ्या. मी सात खाल्ल्या. लिहायला हरकत नाही, ही माझी वही आहे.

२७ सप्टेंबर

वरच्या तुकड्यात पानं लाल पडायला लागली. कडेपासून लाल, शिरा हिरव्या. गावात याला लाल्या म्हणतात. हे म्हणाले, "आला रोग." भाऊजी म्हणाले, मारा काहीतरी.

आज घाबरून आधी विजूला नाही केला फोन. आधी पानामागं बघितलं. तु. अर्धा. म्हणजे किडा नव्हे. मग मागचं पान काढून माती तपासल्याचं वाचलं. मॅग्नेशियम काठावर. तेव्हा फोन केला. ती म्हणाली, "तूच सांग आता, काय करायचं."

मॅग्नेशियम सल्फेट. पंप दुसऱ्यांदा पाठीवर. या वेळी हे धुऱ्यावर बसले नाहीत, पुढं चालून ओळ दाखवत होते. मी म्हटलं, मागं सरा. म्हणाले, "हे तर मीठच हाय ना. डॉक्टरनं मिठाला न्हाई म्हटलं न्हाई."

खरंच आहे ते.

८ ऑक्टोबर

नवी पानं हिरवी. लाल झालेली लालच राहतील, पण पसरलं नाही. बोंडं भरतायत. हाताला टणक लागतात.

रेखा आली. बबन भाऊजींची बायको. म्हणाली, पाचवी फवारणी झाली अन् परवापासून भाऊजींचं डोकं दुखतंय, मळमळतंय, दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकत नाहीत. मी चप्पल घालून निघाले. हे माझ्या पुढं. भाऊजी पलंगावर. हे त्यांच्या डोळ्यांत वाकून बघत होते, बाहुल्या. मला कळलं ते काय बघतायत.

भोकरला नेलं. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवलं, सलाईन. डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात, थोडक्यात आहे. रात्रीच्या जेवणाला घरी.

हे भाऊजींना म्हणाले, "बबन, पुरं झालं आता." एवढंच. भाऊजींनी मान हलवली.

१९ ऑक्टोबर

पहिली वेचणी. चार बायका, मी, रेखा. वरच्या तुकड्याचा कापूस खालच्याइतकाच. मुरमातला. आत्याबाईंनी मूठभर घेऊन डोळ्याला लावला, मग गालाला.

ह्यांच्या सहा ओळी थोड्या मागं आहेत. त्यांनीच त्या वेचल्या. म्हणाले, माझं मी वेचतो.

झोप चांगली लागते आहे. जूनपासून पहिल्यांदा पहाटे आपोआप जाग येत नाही.

२ नोव्हेंबर

भाऊजी आले. धुऱ्यावरून नाही, घरी. बसले. चहा झाला तरी उठेनात. मग म्हणाले, "वैनी, बोंडं फोडून बघता का माझी? दुकानदार म्हणतो गुलाबी अळी हाय, आजच मारा. तुम्ही मोजता तसं मोजून सांगा."

विजूला फोन लावून समोर ठेवला. ती स्पष्ट बोलली. "ही अळी बोंडाच्या आत बसते. हिच्यापुढं पोटॅश-बिटॅशचा फार उपयोग न्हाई, मी खोटं सांगणार न्हाई. वीस हिरवी बोंडं तोडा, फोडा. दोनात जिवंत अळी सापडली तर उपाय करावाच लागेल. तो पण तोंड बांधून, हातमोजे घालून, अन् भाऊजींनी स्वतः न्हाई. एकात असली तर थांबा, तीन दिवसांनी पुन्हा फोडा."

भाऊजींच्या रानातून वीस बोंडं आणली. ओट्यावर बसून फोडली. एकात अळी. बारीक, गुलाबी पट्ट्यांची.

भाऊजी माझ्याकडं बघून राहिले. माझ्या रानाचं मी काहीही ठरवावं, ते वेगळं होतं. म्हटलं, "थांबा तीन दिवस."

"तुम्ही म्हणता तर थांबतो."

ते गेल्यावर मला घाम फुटला. हे म्हणाले, "बराबर सांगितलं तू. मी बी तेच म्हणालो असतो."

३ नोव्हेंबर

आपल्याही रानात बघायला पाहिजे, हे काल डोक्यातच आलं नाही. सकाळी ह्यांनी आठवण केली. ऊन वर यायच्या आत दोघं जाऊन वीस बोंडं तोडून आणली. पाच वरच्या तुकड्यातली, पंधरा खालची. त्यातली तीन ह्यांच्या सहा ओळींतली, ती त्यांनी वेगळी ठेवलीत.

परात घेऊन ओट्यावर बसलो. मी विळतीवर चिरते, हे पाकळ्या उकलून बघतात. आत्याबाई पण येऊन बसल्या. रेखा धुऱ्याकडून येताना दिसतेय.

सतरा झाली. सगळी आतून पांढरी, ओली, स्वच्छ.

ह्यांनी चहा मागितला म्हणून उठले, तो उकळतोय तोवर हे लिहितेय. परातीत ती तीन तेवढी राहिलीत. हे म्हणतायत, ये लवकर, तुझ्याशिवाय मी फोडणार न्हाई.